साडेचार महिन्यांचे लॅब्राडोर पिल्लू हाती येईल ते फाडते. टिकणारी आणि तरीही सुरक्षित खेळणी कशी निवडावीत?

मानेवाडाकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी साडेचार महिन्यांची लॅब्राडोर आहे. नाव बर्फी, या आठवड्यात वजन १४ किलो भरले. पिल्लू म्हटले की चावणार, हे गृहीत धरूनच आम्ही तिला आणले होते. मात्र चावण्याचा हा वेग आमच्या हिशेबात नव्हता. दाबले की वाजणारा कापडी ससा वीस मिनिटांत फाटला आणि त्यातली प्लास्टिकची शिट्टी मला तिच्या गालाच्या आतून बोटाने काढावी लागली. सुती दोराची गाठ दोन दिवस पुरली. तिसऱ्या दिवशी तिच्या शौचात धागे दिसले. त्यानंतर वेष्टनावर ‘अनब्रेकेबल’ असे छापलेले कडक प्लास्टिकचे हाड आणले. ते तुटले नाही हे खरे, परंतु त्याची दोन्ही टोके इतकी खरबरीत झाली आहेत की हात फिरवला तर बोटाला ओरखडा पडतो, आणि कुरतडून निघालेले कण कुठे गेले हे उघडच आहे.

खेळणी संपली की घराची पाळी येते. मागच्या आठवड्यात तिने कूलरच्या ताटीतला लाकडाचा कीस ओढून हॉलभर पसरला, आणि काल कपाटाच्या खालच्या कप्प्यातून मुलीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी काढून त्याचे एक चाक कुरतडले. तो नंदी मुलीच्या आजोबांनी स्वतः केलेला होता, त्यामुळे रडणारी ती एकटी नव्हती. कूलरच्या वायरीजवळही बर्फी दोनदा सापडली आहे.

नागपूरच्या सध्याच्या उन्हात तिला सकाळी सहाच्या आत आणि रात्री आठनंतरच बाहेर नेता येते. मधला सगळा दिवस ती घरात असते आणि तिची सगळी ताकद दातांतून बाहेर पडते. दुकानदार म्हणतात, बैलाचे खूर किंवा शिंग घ्या, महिनाभर बघायला नको. शेजारचे काका म्हणतात, मटणाचे हाड द्या. माझ्या मनात आले होते की, लहान मुलांची आयएसआय चिन्ह असलेली खेळणीच का घेऊ नयेत? ज्यांच्याकडे असे चावरे पिल्लू होते त्यांनी कृपया अनुभवाने सांगावे.

प्रतापनगरचे दोन लॅब

ताई, तुम्ही वर्णन केलेल्या सर्व टप्प्यांतून आम्ही दोनदा गेलो आहोत, आणि पहिल्या वेळी तुमच्या दुकानदारासारखाच सल्ला ऐकून महागात पडलो. आमच्या थोरल्या कुत्र्याला तो दीड वर्षाचा असताना आम्ही खूर दिला होता. खूर खरोखरच महिनाभर टिकला. दाढ मात्र टिकली नाही. वरच्या मोठ्या दाढेची बाहेरची बाजू फळीसारखी निघाली, आतला मगज उघडा पडला, आणि शेवटी पूर्ण भूल देऊन ती दाढ काढावी लागली. त्या खर्चात चांगल्या रबराची किती खेळणी आली असती, हा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

त्यामुळे माझे मत असे बनले आहे की, टिकाऊ आणि कडक हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथेच चूक होते. कुत्र्याचे खेळणे टिकायला हवे ते दाबले जाऊन पुन्हा फुगणारे असल्यामुळे, दगडासारखे असल्यामुळे नव्हे. दुकानात उभे राहूनच करता येईल अशी परीक्षा म्हणजे अंगठ्याचे नख दाबून पाहणे: नखाचा थोडा तरी ठसा उमटला किंवा पृष्ठभाग किंचित दबला तर ठीक, अजिबात दबला नाही तर ती वस्तू दातापेक्षा कठीण ठरण्याची भीती आहे. दुसरी परीक्षा अधिक बोलकी आहे. ती वस्तू आपल्या गुडघ्याच्या वाटीवर जोराने आपटून घ्यायची तुमची तयारी आहे का? नसेल तर पिल्लालाही देऊ नका. खूर, शिंग आणि तुमच्याकडचे ते प्लास्टिकचे हाड या परीक्षेत नापासच होतील. याक किंवा गायीच्या दुधाची छुर्पी, म्हणजे वाळवून कडक केलेले चीज, हल्ली सर्वत्र मिळते, ती खाण्याची वस्तू असली तरी याच कारणाने मी बेतानेच देतो आणि शेवटचा लहान तुकडा उरला की काढून घेतो, कारण कुत्री तो अख्खा गिळू पाहतात.

आमच्याकडे सर्वांत जास्त चालले ते नैसर्गिक रबराचे, आतून पोकळ, एकावर एक तीन गोळे रचल्यासारखे दिसणारे काँग कंपनीचे खेळणे. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम या गृहस्थांचा जर्मन शेफर्ड दगड चावून स्वतःचे दात झिजवत असे. फोक्सवॅगन गाडीची दुरुस्ती करताना मार्कहॅम यांनी बाजूला टाकलेला सस्पेन्शनचा रबरी भाग त्याने उचलला आणि दगड सोडून दिले. त्यातून १९७६ साली ही कंपनी निघाली. आपल्याला उपयोगाची गोष्ट अशी की, त्यांचे रबर रंगानुसार वेगळे असते: फिकट निळे आणि गुलाबी दूधदातांच्या पिल्लांसाठी मऊ, लाल हे पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांसाठी, आणि काळे हे फार जोरकस चावणाऱ्यांसाठी. बर्फी कितीही दांडगी असली तरी आज तिला काळे देऊ नका. मापाच्या बाबतीत मात्र पुढचा विचार करा. त्यांच्या तक्त्याप्रमाणे मध्यम माप साधारण ७ ते १६ किलो वजनासाठी आणि मोठे १३ ते ३० किलोसाठी आहे, म्हणजे १४ किलोची बर्फी दोन्हींत बसते. अशा वेळी नेहमी मोठे घ्यावे.

आयएसआय चिन्हाबद्दल सांगायचे तर, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचे झाले हे बरोबर, पण तो आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. त्या चाचण्यांत मुलाने चोखणे, ओढणे, खाली पाडणे यांचा विचार असतो. लॅब्राडोरच्या जबड्याचा नसतो. बाहुलीचे डोळे आणि गाडीची चाके बर्फी पाच मिनिटांत वेगळी करील. उलट कुत्र्यांच्या खेळण्यांवर असे सक्तीचे चिन्हच नसल्यामुळे वेष्टनावरील ‘अनब्रेकेबल’ या शब्दाची जबाबदारी कोणावरच नसते.

काटोलचा नातू

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. आमच्या आजोळी काटोलला संत्र्याच्या बागेवर नेहमी तीन-चार कुत्री असत आणि ती आयुष्यभर हाडे चघळत मोठी झाली. कोणाची दाढ तुटल्याचे ऐकले नाही. हे रबर-बिबर शहरातले चोचले आहेत असे म्हणणार नाही, परंतु हाड इतके वाईट असते तर कुत्र्याची जात जगली कशी, हा प्रश्न मला पडतो.

विदर्भ पशुवैद्यक

वरील प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. बागेवरच्या कुत्र्याचे तोंड उघडून दाढा कोणी पाहिलेल्या नसतात. कुत्रा मोडक्या दाढेनेही जेवतो, दुसऱ्या बाजूने चावतो आणि दुखणे दाखवत नाही. त्यामुळे ‘ऐकले नाही’ याचा अर्थ ‘घडले नाही’ असा होत नाही. शिवाय शहरात आपण देतो ते हाड बहुतेक वेळा रश्श्यात शिजलेले असते. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या घशात, आतड्यात किंवा गुदाशयात रुततात. कोंबडीचे असो वा बकऱ्याचे, शिजलेले हाड देऊ नये, यावर तडजोड नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. तुमच्या मजकुरातील सर्वांत धोक्याची वस्तू खेळणे नसून कूलरची वायर आहे. ओल्या फरशीवर उभे राहून पिल्लाने वायर चावली तर जागीच मृत्यू येऊ शकतो, आणि ते वाचले तरी तोंडात भाजते व काही तासांनंतर फुप्फुसात पाणी साठू शकते. आजच वायर जाड पाइपमधून न्या किंवा कूलरपुढे जाळी लावा, आणि पिल्लू एकटे असताना तो भाग बंद ठेवा. कितीही चांगले खेळणे दिले तरी वायर सुरक्षित करणे टळत नाही.

चावण्याचे वय समजून घेतले तर घाबरणे कमी होते. पिल्लाला २८ दूधदात असतात आणि त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. साधारण चौथ्या महिन्यात पटाशीचे दात पडू लागतात, नंतर सुळे आणि दाढा, आणि सातव्या महिन्यापर्यंत हे काम पुरे होते. बर्फी नेमकी या मधल्या काळात आहे. तिच्या हिरड्या शिवशिवतात. खेळण्यावर रक्ताचा लहानसा डाग किंवा गालिच्यावर तांदळाएवढा दात सापडला तर काळजी नको, बरेचसे दात तर ती गिळूनच टाकते. सातव्या महिन्यानंतर हिरड्यांचे कारण संपते, तारुण्यातली उनाडकी मात्र वर्षा-दीड वर्षापर्यंत चालते, त्यामुळे चावण्याची दुसरी लाट येईल असे धरून चाला.

दाढेचा जो अनुभव वर आला आहे, तो आम्ही वारंवार पाहतो. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ या कात्रीच्या दोन पात्यांसारख्या एकमेकींवर येतात. वस्तू त्यांच्यामध्ये सापडली आणि ती लवली नाही तर वरच्या उपदाढेची कपची उडते. कुत्र्याच्या दातावरील एनॅमल आपल्या दातापेक्षा पातळ असते. म्हणून खूर, शिंग, कडक नायलॉन, आणि हो, बर्फाचे मोठे खडेसुद्धा टाळावेत. विदर्भात आणखी एक गोष्ट सांगावी लागते: जंगलाकडून येणारे पाहुणे कधीकधी चितळाचे किंवा सांबराचे गळून पडलेले शिंग कौतुकाने आणतात. ते दाताला घातक आहेच, शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते विनापरवाना जवळ बाळगता येत नाही.

मोडण्याइतकाच गिळण्याचा धोका. दोऱ्याचे धागे सर्वांत कपटी असतात, कारण धाग्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते, उरलेला धागा आतड्यात पुढे सरकतो आणि आतडे नाडी ओढलेल्या परकरासारखे चुण्या पडून गोळा होते. तो ताणलेला धागा मग आतड्याला आतून कापतो. बर्फीच्या शौचात धागे दिसले हे तिचे नशीब. दोरखंड तुमच्या हातात असताना ओढाओढीपुरता ठीक, तिच्याजवळ सोडून जाऊ नये. गुदद्वारातून किंवा तोंडातून धागा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नका, आहे तसे घेऊन या. चेंडू घ्यायचा तर तो सुळ्यांच्या मागे जाणार नाही एवढा मोठा हवा. पोकळ चेंडूला एकच भोक असेल तर तो घेऊ नका. जीभ आत जाऊन हवेच्या ओढीने अडकते आणि सुजते. दोन भोके असली की हवा खेळती राहते. टेनिसच्या चेंडूवरील लव धूळ धरून ठेवते आणि पॉलिश पेपरसारखी दात घासते, म्हणून तो फेकून आणायला ठीक, चघळायला नाही.

एक अवांतर, पण मे महिना आहे म्हणून: आंब्याची कोय. रसाच्या दिवशी कचऱ्याच्या डब्यातून कोय पळवलेले कुत्रे दरवर्षी येतात, आणि पावसाळा लागला की मक्याच्या कणसाचे बुरखुंडे गिळलेले. दोन्ही पचत नाहीत, आणि एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतीलच असेही नाही. सोनोग्राफी करावी लागते. वारंवार उलट्या, जेवणाला तोंड न लावणे, पोट आवळून उभे राहणे, शौच न होणे, ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा उपाय तर मुळीच करू नये. रक्तातील सोडियम वाढून पिल्लू त्यानेच दगावू शकते.

गोकुळपेठेतील देशी

डॉक्टरांनी भीतीचा भाग सांगितलाच आहे, तेव्हा मी रोजच्या दिनक्रमाबद्दल लिहिते. माझ्याकडे रस्त्यावरून आणलेली देशी कुत्री आहे आणि माझे बजेट मर्यादित आहे. मी एकूण चार खेळणी ठेवली आहेत. दोन बाहेर आणि दोन कपाटात असतात, आणि दर तीन दिवसांनी अदलाबदल होते. कपाटातून आलेले खेळणे तिला नवेच वाटते.

रबरी पोकळ खेळणे रिकामे दिले तर पिल्लू दहा मिनिटांत कंटाळते. त्याची खरी किंमत आतल्या भरण्यात आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात दहीभात चालतो. भात गिळगिळीत शिजवायचा, ताजे दही घालायचे, मीठ नाही, मोहरी-मिरची-कढीपत्त्याची फोडणी नाही, कांदा तर नाहीच. लहान भोकाकडून गाजराचा तुकडा लावून बुच करायचे, भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचे. दुपारी दोन वाजता, जेव्हा बाहेर ४५ अंश असतात आणि तिची मस्ती शिगेला पोहोचते, तेव्हा ते मोरीत किंवा जुन्या चटईवर द्यायचे. चाटत चाटत पाऊण तास जातो, हिरड्यांना गारवा मिळतो आणि नंतर ती झोपते. बर्फाचा खडा आणि हे यात फरक असा की, रबर मऊ राहते आणि आतले ती चावत नाही, चाटते. उकडलेला लाल भोपळाही आवडतो. पीनट बटर बाजारचे घेणार असाल तर वेष्टनावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) नाही ना, हे आधी पाहा, कारण ती गोडी कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने उतरवते. मी भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट मिक्सरमधून तेल सुटेपर्यंत फिरवते आणि नखभर वापरते. बेदाणे आणि द्राक्षे अजिबात नकोत, मूत्रपिंडे निकामी होतात. जेवढे आत भरले तेवढे ताटातून कमी करायचे, नाहीतर लॅब्राडोर वर्षभरात पिंप होते.

फाडण्याची हौस भागवायला पुठ्ठ्याचा खोका उत्तम. चिकटपट्टी आणि पिना काढून टाका, आत तिचे कोरडे खाद्य थोडे टाका, आणि समोर बसा. तुकडे ती थुंकत असेल तर चालू द्या. गिळत असेल तर हा खेळ तिच्यासाठी नाही. जुनी चप्पल, जुना मोजा आणि सायकलच्या टायरचा तुकडा मात्र देऊ नका. जुनी चप्पल आणि नवी चप्पल यांतला भेद तिला कळत नाही, आणि टायरमध्ये तार असते.

मानेवाडाकर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, आपला मजकूर वाचून पहिले काम वायरीचे केले. इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लग उंचावर घेतला आणि कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवला. प्लास्टिकचे हाड आणि दोर टाकून दिले. आता एक व्यावहारिक अडचण. तिच्या तोंडात नको ती वस्तू दिसली की आम्ही धावतो, ती पलंगाखाली पळते आणि वस्तू गिळून टाकायच्या घाईत असते. काल बाटलीच्या झाकणावरून हाच प्रकार झाला.

प्रतापनगरचे दोन लॅब

ताई, पाठलाग करणे थांबवा. तिच्या दृष्टीने तो जगातला सर्वांत रंगतदार खेळ आहे, आणि हरण्याची भीती वाटली की ती माल पोटात लपवते. त्याऐवजी सौद्याची सवय लावा. ती स्वतःच्या खेळण्याशी खेळत असताना जवळ जा, नाकाशी उकडलेल्या अंड्याचा कण धरा, तोंड उघडले की ‘सोड’ म्हणा, अंडे द्या आणि तेच खेळणे तिला परत करा. हा परत करण्याचा भाग लोक गाळतात. दहापैकी नऊ वेळा वस्तू परत मिळते असा तिचा विश्वास बसला की दहाव्या वेळी झाकणही मिळते. आमच्या धाकटीला हे अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले.

आणखी एक सांगायचे राहिले. रबरी खेळणी गॅलरीत उन्हात ठेवू नका. आपल्या उन्हाने रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात, आणि भेग पडली की त्याच जागी दात घालून कुत्री तुकडा काढतात. तुपातेलाचे भरणही रबर सैल करते. रोज कोमट पाणी आणि साबणाने धुताना मी बोटाने सगळी कड चाचपतो; बोटाला चीर लागली तर ते खेळणे त्या दिवशी संपले.

मानेवाडाकर

तीन आठवड्यांनंतरची खबर देते. मोठ्या मापाचे निळे रबरी खेळणे घेतले आहे. त्यावर दातांचे ठसे आहेत, पण तुकडा निघालेला नाही. दुपारचा दहीभात तिला इतका पाठ झाला आहे की दोन वाजता ती फ्रिजसमोर जाऊन बसते. ‘सोड’ म्हटल्यावर मोजा परत आला, रिमोट मात्र अजून येत नाही. नंदीला सुताराकडून नवे चाक बसवून घेतले आणि तो आता देवघरावरच्या फळीवर आहे. एक शंका: तिच्या वरच्या डाव्या बाजूला दोन सुळे एकाशेजारी एक दिसत आहेत, एक जाड आणि एक सुईसारखा. हे नेहमीचे आहे का?

विदर्भ पशुवैद्यक

सुईसारखा आहे तो दूधदात आणि जाड आहे तो कायमचा. काही दिवस दोन्ही बरोबर दिसणे चालते, परंतु कायमचा सुळा बराचसा वर आला तरी दूधदात हलत नसेल तर तो काढावा लागतो. नाहीतर नवा दात वाकडा येतो आणि मधल्या फटीत अन्न साठून हिरडी सुजते. आठवडाभरात जवळच्या दवाखान्यात किंवा सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवून घ्या. तोवर दोराची ओढाओढी बंद ठेवा. निळे खेळणे चालू राहू द्या.